वेताळाची पंचविसावी गोष्ट

ताई, मी ठाण्यात राहतो, वय ४४, मूळचा चिपळूणचा. मुलगी ७ वर्षांची, दुसरीत आहे. दिवाळीत गावचं घर आवरताना ‘चांदोबा’च्या जुन्या अंकांचा गठ्ठा सापडला. बाबा कामावरून येताना स्टँडवरच्या स्टॉलवरून दर महिन्याला अंक आणायचे आणि दिवे गेले की कंदिलाजवळ बसून विक्रम-वेताळ मोठ्याने वाचायचे. बाबांना जाऊन ६ वर्षं झाली. गठ्ठा मी ठाण्याला आणला आणि लेकीला वाचून दाखवू लागलो. पहिले चार दिवस ती मजेत होती, रोज नवी गोष्ट मागायची. मग एका रविवारी मी तिला ‘विक्रम और बेताल’ ही जुनी मालिका लावून दिली. आता ती रात्री एकटी बाथरूमला जात नाही, झोपताना आईचा हात सोडत नाही. बायको माझ्यावर चिडली आहे. माझी आई म्हणते, आमची पोरं हेच ऐकून वाढली, त्यांना काय झालं? ती तर जेवताना पोरीला सरळ सांगते, ‘पान संपव, नाहीतर वेताळाला हाक मारीन,’ आणि पोरगी मुकाट जेवते. आम्ही असे भित्रे नव्हतो. अंकातलं राजा-वेताळाचं चित्र पाहून मी रात्रभर पाय पांघरुणाबाहेर काढत नसे, पण दुसऱ्या दिवशी तेच पान उघडायचो. आजच्या कार्टूनमध्ये कुणी मरत नाही, काही हरवत नाही, सगळं गुलाबी. माझ्या लहानपणातली सगळ्यात सुंदर गोष्ट मला माझ्या मुलीला देता येत नाही, याचं फार वाईट वाटतं. आमचं बालपण चुकीचं होतं का? गठ्ठा माळ्यावर टाकून देऊ का?
— एक बाबा, ठाणे

प्रिय बाबा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना एका वाक्याशी थांबले, ते तुम्ही जाता जाता लिहिलं आहे. ‘पान संपव, नाहीतर वेताळाला हाक मारीन.’ मला वाटतं, तुमच्या घरातली भीती तिथून आली. चांदोबातून नाही.

तारखा लावून बघा. पहिले चार दिवस तुम्ही वाचत होतात, ती ऐकत होती आणि आणखी मागत होती. त्या चार दिवसांत वेताळ राजाचा होता. राजाच्या खांद्यावर बसायचा, राजाला प्रश्न विचारायचा, पुन्हा झाडावर जाऊन लटकायचा. तुमच्या मुलीशी त्याचं काही भांडण नव्हतं, ती बाजूला बसून दोघांची मजा बघत होती. आजींनी त्याला जेवणाच्या पानाशी आणून उभं केलं, तेव्हापासून तो तिच्या मागे लागला. सात वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने हा फार मोठा फरक आहे. आता वेताळ आजीच्या हाकेला येतो, म्हणजे तो घरात, बाथरूमच्या दाराआड कुठेतरी थांबलेला असणार. तिने काढलेला अर्थ अगदी बरोबर आहे.

आईंना दोष देऊ नका. आपल्याकडे बागुलबुवाचा धाक पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे आणि त्यांनी तो प्रेमानेच वापरला. पण आजच रात्री त्यांना सांगा की हे बंद करायचं. नुसतं बंद करून भागणार नाही. मुलीच्या समोर आजींनी म्हणायला हवं, ‘अगं, मी खोटं सांगत होते. वेताळ माझ्या हाकेला येत नाही. तो राजाचं काम करतो.’ हे आजींच्याच तोंडून यायला हवं, तुम्ही सांगून चालणार नाही. ज्याने हाक मारली त्यानेच परत पाठवायचं असतं.

आता मालिकेबद्दल. १९८५ साली दूरदर्शनवर ती लागली तेव्हा तुम्ही अगदी लहान असाल. अरुण गोविल राजा, आणि पांढऱ्या केसांचे, अंगावर येणारं हसणारे सज्जन हे वेताळ. तुम्ही ती घरातल्या दहा माणसांत बसून पाहिली असणार, शेजारची चार पोरं खिडकीला लोंबकळत असतील आणि कुणीतरी मोठं माणूस मध्येच म्हणालं असेल, ‘काय केस लावलेत बघा.’ तुमच्या लेकीने ती पाहिली तेव्हा तिच्याजवळ कोण होतं? तुम्ही ‘लावून दिली’ असं लिहिलं आहे. ‘आम्ही बघितली’ असं लिहिलेलं नाही. शब्दांत पकडते आहे असं वाटेल, पण मला या बाबतीत माझीच एक चूक ठाऊक आहे, म्हणून विचारते.

माझा मुलगा सहा वर्षांचा होता तेव्हा टीव्हीवर रात्री भुताखेतांची एक मालिका लागायची. मोठी भावंडं बघायची, हसायची, म्हणून मी त्यालाही बसू द्यायची. तोही हसायचा. तो तिशीत पोचल्यावर एका रात्री गप्पा मारताना म्हणाला, ‘आई, मी दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून झोपत होतो, तुला कळलं नाही.’ खरंच कळलं नव्हतं. तो हसत होता, म्हणून मी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलंच नाही. वाचून दाखवणाऱ्याच्या हातून हे सहसा होत नाही. पोराचे डोळे विस्फारले की त्याचा आवाज आपोआप खाली येतो, तो एखादं वाक्य गाळतो, पाठीवर हात ठेवतो. तुमचे बाबा कंदिलाजवळ हेच करत असतील. पडद्यावरचा वेताळ समोर कोण बसलंय हे बघत नाही, तो सगळ्यांना सारखाच हसून दाखवतो. तेव्हा मालिका तूर्त बाजूला ठेवा. लेक दहा-अकरा वर्षांची झाली की दोघं मिळून पुन्हा लावा, तिला ते केस बघून हसू येईल.

तुमचं बालपण चुकीचं होतं का, या प्रश्नाचं माझं उत्तर साफ नाही असं आहे. तुम्हाला ज्या गोष्टीची ओढ वाटते तिची मलाही आहे. कार्टूनबद्दलचं तुमचं म्हणणं मला बरंचसं पटतं. ज्या गोष्टीत काहीच गमावायचं नसतं, ती मुलं बघतात आणि विसरतात. मात्र आजची मुलं भित्री आहेत हे मी मान्य करणार नाही. तुमच्या लेकीला ‘चल रे भोपळ्या’ची गोष्ट नक्की ठाऊक असेल. एकटी म्हातारी रानातून चालली आहे, वाघ आणि कोल्हा तिला खायला टपलेत, आणि ती लेकीकडून जाडजूड होऊन आल्यावर खा असा सौदा करून सुटते. ही गोष्ट आपण दोन-तीन वर्षांच्या मुलांना भात भरवताना सांगतो! वर मुलं ‘परत सांग’ म्हणतात. भोंडल्यातल्या त्या वेड्याच्या गाण्यात तर शेवटी झोपलेल्या बायकोला मेली समजून तो जाळून टाकतो, आणि आम्ही चिमुरड्या मुली फेर धरून ते गात होतो, खिरापत काय असेल याचा विचार करत. (त्या गाण्याबद्दल माझं मन आज तितकंसं निर्मळ नाही. पण तो विषय वेगळा.) तुमची मुलगी अशा गोष्टींवरच वाढली आहे. ती कणखर आहे. चार दिवस तिने वेताळ मागून घेतला होता, हे विसरू नका.

आणि तुम्ही भित्रे नव्हता म्हणता, पण पुढच्याच ओळीत पाय पांघरुणाबाहेर काढत नसे असंही लिहिता. बाबा, तुम्ही घाबरत होतात. पुष्कळ घाबरत होतात. हे तुम्ही तिला सांगितलंत का? मला वाटतं, तिच्या मनात आपण एकटीच घाबरणारी आहोत असं आहे. आजी निर्धास्त, बाबा निर्धास्त, फक्त मीच. तिला सांगा की तुझ्याएवढा असताना बाबा पाय आत ओढून झोपायचा. आजोबा कसे वाचायचे, आवाज कसा काढायचे, हेही सांगा. तिने आजोबांना फारसं पाहिलेलंही नाही.

आता माझ्या लहानपणातलं एक सांगते. माझं माहेर गुहागर तालुक्यातलं. शिमग्यात आमच्याकडे नमन-खेळे घेऊन मंडळी दारोदार यायची आणि त्यांच्यात संकासुर असायचा. तुम्ही चिपळूणचे, तुम्हाला वेगळं सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी सांगते. अंगभर काळा वेष, तोंडावर मुखवटा, डोक्यावर उंच निमुळती टोपी, लांब पांढरी दाढी, कमरेला घुंगरं आणि हातात मारायला काहीतरी. तो आला की मुलं वाट फुटेल तिकडे पळायची. घुंगरांचा आवाज लांबून यायला लागला की माझ्या पोटात गोळा यायचा, आणि तरीही मी अंगणाच्या कडेला उभी राहायची, कारण तो दिसल्याशिवाय पळण्यात काय मजा? एकदा मी माजघरात भाताच्या कणगीमागे लपले होते. फटीतून पाहिलं तर माझी आजी, जी गावात कुणाला भीक घालत नसे, ती पदर सारखा करून संकासुराच्या पाया पडत होती. आमच्या घरी कधीच कुणी म्हणालं नाही की अभ्यास कर नाहीतर संकासुराला बोलावीन. तसं म्हणणं म्हणजे पाप झालं असतं. तो देवाबरोबर आलेला होता.

पुढे मी नऊ वर्षांची असताना खेळे आमच्या ओटीवर टेकले आणि आईने मला पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर पाठवलं. संकासुराने मुखवटा वर केला. आत आमच्याच वाडीतला, पावसात आमच्या शेतावर लावणीला येणारा माणूस होता. घामाने निथळत होता. घटाघटा पाणी प्यायला, तांब्या परत देताना ‘बरी हायस ना?’ म्हणाला. मुखवटा पुन्हा खाली घेतला, घुंगरं वाजली आणि मी परत जीव घेऊन पळाले! आत कोण आहे ते कळल्यावरही पळाले, पुढच्या वर्षीही पळाले. आज मला शिमग्यातलं काय आठवतं म्हणाल तर पालखी नंतर आठवते, आधी ते पळणं आठवतं.

म्हणून सांगते, आपल्या लहानपणीच्या या भीतिदायक पात्रांना नातीगोती होती. ती गावची होती, घरातल्या मोठ्या माणसांच्या ओळखीची होती, वर्षातून ठरल्या वेळी येऊन ठरल्या वेळी परत जायची. चांदोबातला वेताळही तसाच. दर महिन्याला गोष्ट त्याच वाक्यांनी उघडायची: हट्टी राजा झाडाकडे परत जायचा, प्रेत खांद्यावर टाकून मुकाट्याने स्मशानाची वाट धरायचा. आणि त्याच वाक्यांनी मिटायची: राजाचं मौन सुटलं की वेताळ प्रेतासह झाडावर. शंकर यांचं ते चित्र आठवा. उपसलेली तलवार, खांद्यावर लोंबणारं प्रेत, भोवती कवट्या आणि धूर. हे शंकर १९५२ मध्ये ‘चांदामामा’त आले, त्याच वर्षी त्या मासिकाची मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ निघू लागली. २०२० मध्ये ते गेले तेव्हा माझ्या वयाच्या कितीतरी माणसांना घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं. त्या चित्रात राजाचा चेहरा बघा, त्यावर भीती नाही. लेकीला घेऊन बसाल तेव्हा वेताळाकडे बोट दाखवण्याआधी राजाच्या चेहऱ्याकडे दाखवा.

आणखी एक. आपल्याला आठवतं प्रेत, पण गोष्टीचा बहुतेक भाग असायचा न्यायाचा. एका मुलीसाठी तीन तरुण झुरतात, ती मरते. एकजण तिच्या अस्थी गंगेत नेतो, एकजण तिच्या राखेवर झोपतो, एकजण देशोदेशी फिरून मेलेल्याला उठवायचा मंत्र शिकून येतो. ती जिवंत झाल्यावर बायको कुणाची? राजा म्हणतो, ज्याने उठवलं तो बापासारखा, ज्याने अस्थी नेल्या तो मुलासारखा, आणि राखेवर जो झोपला तोच नवरा. सात वर्षांच्या मुलीला लग्नाची गोष्ट कदाचित नको, पण तुम्ही कोडं तिच्या जगातलं करून विचारू शकता. प्रश्न विचारून गप्प बसा. तिला उत्तर देऊ द्या, तुमच्याशी वाद घालू द्या. ती उत्तर शोधायला लागली की ती राजाच्या जागी येते, आणि राजाच्या जागेवरून वेताळ बराच लहान दिसतो.

आता जे मला तुम्हाला सर्वांत आधी सांगायचं होतं आणि मुद्दाम मागे ठेवलं, ते. चांदोबात ही गोष्ट कधी संपली नाही. मूळच्या गोष्टी केव्हाच संपल्या होत्या, संपादक मंडळी त्याच चौकटीत वर्षानुवर्षं नव्या लिहीत राहिली. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांनी शेवट वाचलाच नाही. तो अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने लिहिलेल्या ‘कथासरित्सागरा’त आहे. तिथे राजाचं नाव त्रिविक्रमसेन, आणि तो राज्य करतो गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानात, म्हणजे आपल्या पैठणला! एक भिक्षू त्याला रोज एक फळ आणून देतो. राजा ते भांडाराकडे पाठवतो. पुढे एके दिवशी माकडाच्या हातून फळ फुटतं आणि आतून रत्न निघतं. त्या उपकाराखाली राजा भिक्षूसाठी झाडावरचं प्रेत आणायचं कबूल करतो.

चोविसाव्या गोष्टीत बाप-लेक वाटेवर दोन बायकांच्या पावलांचे ठसे बघतात आणि ठरवतात, मोठ्या पावलांची ती बापाची, लहान पावलांची ती मुलाची. गाठतात तर मोठी पावलं मुलीची आणि लहान पावलं तिच्या आईची निघतात, पण शब्द दिलेला, लग्नं तशीच होतात. त्यांना मुलं झाली, ती एकमेकांची कोण? राजाला उत्तर सुचत नाही. तो पहिल्यांदाच गप्प राहतो. वेताळ खूश होतो आणि त्याला खरी गोष्ट सांगतो: तो भिक्षू तुझाच बळी देणार आहे. तुला म्हणेल, साष्टांग नमस्कार घाल. तू सांग, मी राजा, मला नमस्कार घालायची सवय नाही, तूच घालून दाखव. तो वाकला की तलवार चालव. राजा तसंच करतो आणि वाचतो.

हा शेवट तुमच्या लेकीला सांगा. तलवारीचा भाग हलक्या हाताने, बाकी सगळं सविस्तर. रोज गोड फळ आणून देणारा दगाबाज निघाला, आणि खांद्यावर बसून रात्रभर छळणारा वेताळ राजाच्या जिवाला जपत होता. मी हा शेवट पहिल्यांदा वाचला तेव्हा चाळिशी ओलांडली होती, आणि मला रडू आलं होतं. इतकी वर्षं मी त्याला शत्रू समजत होते.

मे महिन्यात चिपळूणला जाल तेव्हा जमल्यास आणखी खाली, वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीला जा. तिथे वेतोबाचं देऊळ आहे. वेतोबा म्हणजे वेताळच, पण तिथे तो गावाचा राखणदार. लोक त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या मोठमोठ्या चपला अर्पण करतात, कारण तो रात्री गावाभोवती फिरून राखण करतो आणि चालून चालून त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. तिला त्या चपला बघू द्या. तिच्या एकेका चपलेच्या कितीतरी पट मोठ्या आहेत. रात्री जो बाहेर फिरतोय तो कशासाठी फिरतोय, हे तिला तिथे आपोआप समजेल, तुम्ही काही समजावायला जाऊ नका.

त्याआधी ठाण्या-मुंबईत एखादं चांगलं बालनाट्य लागलं तर तेही बघा. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी केली, २०१८ मध्ये वैभव मांगले यांनी. मोठ्यांसाठी अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथा लिहिणाऱ्या माणसानेच मुलांसाठी ती चेटकीण लिहिली, हे मला फार मोलाचं वाटतं. मुलांना किती घाबरवायचं आणि कुठे थांबायचं, हे त्यांना माहीत होतं. नाट्यगृहात शंभर मुलं एकदम ओरडून सावध करतात, त्या आरड्याओरड्यात आपली भीती कुठल्या कुठे जाते. टीव्हीसमोर एकट्या बसलेल्या मुलाला हे कुठून मिळणार?

पत्नीची माफी मागा. तिच्या रात्री जागून जात आहेत, आणि ‘आम्हाला काही झालं नाही’ हे वाक्य तिला या पंधरवड्यात बरेचदा ऐकावं लागलं असेल. गोष्ट पुन्हा सुरू करण्याआधी तिलाही शेवट सांगा. तिघं मिळून ऐकलंत तर उत्तम.

मुलीने विचारेपर्यंत तुम्ही मात्र विषय काढू नका. बाथरूमचा दिवा रात्री चालू राहू दे, पॅसेजचाही. महिना लागेल, कदाचित दोन. आणि तिने कधीच विचारलं नाही, तिला वेताळ आवडलाच नाही, तर तेही चालवून घ्या. तिला आवडणारी भीती ती स्वतः शोधेल. ती तुम्हाला विचित्र वाटेल, तेव्हा तिच्या शेजारी बसून बघा.

गठ्ठा माळ्यावर टाकू नका, तिथे वाळवी लागते. फडक्यात बांधून, कडुलिंबाचा पाला घालून, तिचा हात पोचेल अशा खालच्या फळीवर ठेवा.

तुमची,
ताई